मोबाईलमध्ये कायदा घेऊन येणाऱ्या पक्षकाराला सल्ला कसा द्यायचा

पूर्वी पक्षकार ऑफिसात येऊन खुर्चीत टेकला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मॅडम, माझं असं असं झालंय." आता बरेच जण फोन पुढं करतात आणि म्हणतात, "मॅडम, यात असं आलंय, बरोबर आहे का तेवढं बघा." कुणी एआयला विचारून दोन पानांची नोटीस प्रिंट काढून आणतं, कुणी यूट्यूबवर बघून आलेलं असतं, कुणाच्या पुण्याच्या जावयानं ईकोर्टवर (केसेसची माहिती देणारी कोर्टाची साईट) केसची पुढची तारीख आपल्या आधी बघितलेली असते. मी सोलापुरात एकोणीस वर्षं दिवाणी आणि थोडी फौजदारी प्रॅक्टिस करते, त्यातली शेवटची तीन-चार वर्षं आधीच्या पंधरांपेक्षा वेगळी गेली. नवीन सनद घेतलेली पोरं-पोरी बार रूममध्ये विचारतात की आता करायचं कसं, म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढते. पक्षकारांनी वाचलं तरी चालेल, उलट वाचावंच.

सगळ्यात आधी, पक्षकारानं फोन पुढं केला तर तो बाजूला ठेवायला सांगा, पण रागानं नाही. "दाखवा की, बघतेच मी, पण आधी तुम्ही तोंडानं सांगा काय झालं ते." का, तर माणूस एआयला प्रश्न विचारतो तेव्हा त्याला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच टाईप करतो, आणि नेमकी केस ज्याच्यावर उभी राहते ती गोष्ट त्याला क्षुल्लक वाटलेली असते.

गेल्या वर्षीचं एक सांगते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले एक टॉवेलवाले अण्णा आले. हैदराबादच्या पार्टीला माल दिलेला, सहा लाखांच्या वर येणं, त्यातला दोन लाखांचा चेक बाऊन्स. अण्णांच्या मुलानं एआयकडून नोटीस करून आणलेली, इंग्रजी एकदम फर्डं, आपल्या टायपिस्टला जमणार नाही असं. त्यात लिहिलेलं की आयपीसी ४२० खाली फसवणूक, चेकची केस हैदराबादच्या कोर्टात, आणि बाकीच्या पैशासाठी लगेच दावा. मी अण्णांना विचारलं बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक न वटल्याची चिठ्ठी, कधी आला, तर म्हणाले तो घरी आहे, ते काय महत्त्वाचं नाही ना. मुलाला स्कूटरवर घरी पाठवलं, मेमो आला, बघितलं तर त्या दिवशी चोविसावा दिवस होता. चेकच्या केसमध्ये मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, मग समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. बापलेक तीन आठवडे त्या नोटिशीचं इंग्रजी सुधारत बसले होते आणि सहा दिवस उरले होते.

आता त्या नोटिशीत काय काय चुकलं होतं ते नीट बघा, कारण या चुका परत परत येतात. माल दिला ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे आयपीसीचा प्रश्नच येत नाही, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे आणि फसवणूक आता ३१८ (४) मध्ये बसते, आणि तसंही नुसतं पैसे थकवले म्हणजे फसवणूक होत नाही, व्यवहार करतानाच लबाडीचा हेतू दाखवावा लागतो. दुसरं, हैदराबाद. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल होता की ज्याच्यावर चेक काढला ती बँक जिथं आहे तिथं केस, पण २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आता चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट, म्हणजे अण्णांसाठी सोलापूर. एआयनं जुना निकाल उचलला, दुरुस्ती सोडून दिली. हैदराबादला हेलपाटे मारून अण्णा दमले असते आणि तिथं फिर्याद परत मिळाली असती ती वेगळीच. तिसरं, बाकीच्या पैशाचा दावा. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यातला मालाच्या पैशाचा वाद आणि रक्कम ३ लाख किंवा जास्त असली की तो कमर्शियल कोर्ट कायद्यात जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी कलम १२-अ खाली मेडिएशनचा, म्हणजे मध्यस्थीचा, अर्ज सक्तीचा आहे, २०२२ च्या पाटील ऑटोमेशनच्या निकालात सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट केलंय. ही पायरी गाळून दावा टाकला तर तो फेटाळला जातो. नोटिशीत याबद्दल एक ओळ नव्हती.

त्याच संध्याकाळी नवीन नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली, सोबत ईमेल आणि व्हॉट्सॲपवर पण टाकली.

तर पक्षकाराचा मोबाईलमधला मसुदा हातात आला की तो फाडून टाकू नका, आणि तसाच सही करून पाठवू पण नका. त्याला चार प्रश्न विचारायचे. घटना कोणत्या तारखेची आणि त्या तारखेला कोणता कायदा लागू होता. मुदत कधी संपते. कोर्ट कुठलं. आणि कोर्टात जायच्या आधी एखादी सक्तीची पायरी आहे का. ज्युनियरना मी हे चार प्रश्न फाईलच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहायला लावते. तारखेचा प्रश्न पहिला ठेवा, कारण अजून काही वर्षं दोन्ही कायदे शेजारी शेजारी चालणार आहेत, मे २०२४ मधल्या मारामारीला आयपीसीच लागते, ऑगस्ट २०२४ मधल्या मारामारीला न्याय संहिता, आणि एआयच्या उत्तरात या दोन्हींची सरमिसळ मी कितीतरी वेळा बघितली.

सायटेशनचं

सायटेशन म्हणजे युक्तिवादात आधाराला दाखवायचा जुना निकाल. हे वेगळं सांगते कारण यात नोकरी नाही पण अब्रू जाते. माझ्याकडं एक हुशार मुलगी ज्युनियर आहे, निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर युक्तिवादासाठी तिनं रात्री बसून पाच निकाल काढले, छान टिपणं काढली, सकाळी टेबलावर ठेवली. मी म्हटलं निकाल काढून दे, वाचते. अकरा वाजेपर्यंत तीन सापडले. चौथ्याचा नंबर टाकला तर भलत्याच राज्यातल्या मोटार अपघाताच्या केसचा निकाल उघडला. पाचवा कुठंच नाही. पक्षकारांची नावं खरी वाटणारी, वर्ष आहे, पान नंबर आहे, आणि निकालच नाही! ती मुलगी रडवेली झाली. मी तिला ओरडले नाही, कारण तिनं लबाडी केली नव्हती, समोर आलेल्या मजकुरावर विश्वास ठेवला होता. पण ते तसंच कोर्टापुढं वाचलं गेलं असतं तर तिचं नाव पहिल्याच वर्षी त्या कोर्टात खराब झालं असतं.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एअरलाईनविरुद्धच्या एका केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीनं बनवलेले खोटे निकाल दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. आणि आपल्या मुंबई हायकोर्टानं ऑक्टोबर २०२५ मध्ये एक आयकर असेसमेंटची ऑर्डर रद्द केली, कारण अधिकाऱ्यानं ज्या निकालांचा आधार दिला होता ते निकाल अस्तित्वातच नव्हते. केरळ हायकोर्टानं तर जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआय वापराचं धोरणच काढलं, निकाल द्यायला किंवा निष्कर्ष काढायला एआय वापरायचं नाही असं त्यात आहे.

मग करायचं काय, तर एआयकडून निकालाचं नाव घ्यायला हरकत नाही, पण ते नाव म्हणजे कुणीतरी रस्त्यात सांगितलेला पत्ता समजायचा, जाऊन घर बघायचं. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआरवर फुकट आहेत, जानेवारी २०२३ पासून, हायकोर्टाचे त्यांच्या साईटवर, इंडियन कानून आहेच. निकाल उघडायचा, पूर्ण वाचायचा, ज्या परिच्छेदावर आपण बोट ठेवणार तो परिच्छेद खरंच तसं म्हणतोय का बघायचं, तो निकाल पुढं फिरवला गेलाय का बघायचं. हे झालं की मगच त्याची प्रिंट फाईलला. काही निकालांचे मराठी अनुवाद पण आता मिळतात, पक्षकाराला समजावायला फार उपयोग होतो, पण त्या अनुवादावर स्पष्ट लिहिलेलं असतं की कामकाजासाठी मूळ इंग्रजीच ग्राह्य, ते विसरू नका.

फोनमधला पुरावा, इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं

सोलापूरचा अर्धा व्यापार व्हॉट्सॲपवर चालतो. चादरीचं डिझाईन फोटोवर, भाव व्हॉइस मेसेजवर, "भेज दो" एवढ्यावर ट्रक जातो. बिलं नंतर, कधी नाहीच. पूर्वी वहीत नोंद असायची, आता सगळी वही फोनमध्ये आहे, आणि फोन माणूस दोन वर्षांनी बदलतो. एका सूतवाल्या पक्षकाराची चांगली केस माझ्या डोळ्यांदेखत कमकुवत झाली, कारण नोटीस दिल्यावर महिन्याभरात त्यांनी नवीन फोन घेतला, जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला, बॅकअप अर्धवट. हातात राहिले ते सतरा स्क्रीनशॉट. समोरच्यानं सरळ सांगितलं की हे बनवलेले आहेत. त्यांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण मीच पहिल्या भेटीत ते सांगितलं नव्हतं, आणि ती चूक माझी होती. त्या दिवसापासून पहिल्या भेटीतच सांगते.

काय सांगायचं ते असं. फोन विकायचा नाही, रीसेट करायचा नाही, त्या चॅटमधलं काहीही डिलीट करायचं नाही, स्वतःला अडचणीचं वाटणारं पण नाही. मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग चालू असेल तर लगेच बंद करायची. चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करून ठेवायची. दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज असेल तर आजच कॉपी काढायची, उद्या नाही, डीव्हीआर जुनं पुसून नवीन लिहीत असतो. होटगी रोडवरच्या एका अपघातात नातेवाईक वीस दिवसांनी आले, समोरच्या दुकानदाराची द्यायची तयारी होती हो, पण फुटेज गेलेलं.

आता कायद्याचं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दाखल करताना सर्टिफिकेट लागतं, जुन्या पुरावा कायद्यात ते ६५-ब होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३. ६५-ब चं सर्टिफिकेट सक्तीचं की नाही यावर बरीच वर्षं गोंधळ होता, तो मिटला आपल्या जालन्याच्याच निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जुलै २०२०. निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवरून सगळा वाद होता आणि सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रत दाखल करायची तर सर्टिफिकेट पाहिजेच, मूळ उपकरणच कोर्टात आणून मालकानं साक्षीत सिद्ध केलं तर गरज नाही. म्हणून तर म्हणते फोन विकू नका.

नव्या कायद्यात सर्टिफिकेटचा नमुनाच दिलाय आणि त्याचे दोन भाग आहेत, भाग अ पक्षकारानं भरायचा आणि भाग ब एक्स्पर्टनं. दोन्हीत हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हटलं की ज्युनियर दचकतात, पण ती गोष्ट साधी आहे. फाईलवर एक गणित चालवलं की अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ मिळते, त्या फाईलचा अंगठ्याचा ठसा म्हणा. फाईलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ओळ पूर्ण वेगळी येते. मग दोन वर्षांनी कुणी म्हटलं की यात फेरफार केलाय तर परत हॅश काढायची, जुळली की विषय संपला. माझ्या ऑफिसात पद्धत अशी, पक्षकारासमोर फोनमधून एक्स्पोर्ट, कॉम्प्युटरवर कॉपी, तिथंच हॅश काढून कागदावर प्रिंट, त्यावर फोनचं मॉडेल, आयएमईआय नंबर, सिमचा नंबर, तारीख-वेळ आणि पक्षकाराची सही. पाऊण तास जातो. एकदा अण्णांच्या मुलाला मी चॅटच्या फाईलमध्ये फक्त एक जागा सोडायला लावली आणि परत हॅश काढून दाखवली, दोन्ही ओळी बघून तो एकदम गप्प झाला, आणि नंतर त्यानंच एमआयडीसीतल्या चार जणांना हे शिकवलं. भाग ब भरणारा माणूस मात्र आधीच शोधून ठेवा, दावा दाखल करायच्या आदल्या रात्री तो मिळत नाही.

जमिनीची कामं

खेड्यातून येणारे पक्षकार आता सातबारा मोबाईलवरच दाखवतात. चांगलंच झालं, पूर्वी तलाठ्याच्या मागं फिरण्यात आठवडा जायचा. पण दोन गोष्टी बघा. महाभूलेखवर फुकट दिसणारा उतारा हा माहितीपुरता असतो, कामाला डिजिटल सहीचाच लागतो, १५ रुपये भरून निघतो आणि त्यावर पडताळणीचा नंबर असतो, तो टाकून उतारा खरा आहे का बघता येतं. मी प्रत्येक वेळी बघते, पक्षकार ओळखीचा असला तरी. दुसरं म्हणजे सातबारा म्हणजे मालकी असं लोक धरून चालतात आणि मोबाईलवरची उत्तरं पण बऱ्याचदा तसंच बोलतात. सातबारा महसुली नोंद आहे, उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात एवढंच, मालकी दस्तावरून आणि वारशावरून ठरते. त्यामुळं सातबाऱ्याबरोबर फेरफार (नाव बदलल्याची नोंद), आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि नोंदणी खात्याच्या साईटवरून इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), हे सगळं एका बैठकीत काढा, आता ते टेबलावर बसून निघतं.

मोहोळ तालुक्यातल्या एक मावशी नातवाला घेऊन आल्या होत्या. नातवानं सहज म्हणून सातबारा उघडला तर आज्जीचं नाव नाही. दिरांनी हक्कसोडची नोंद लावून घेतलेली. मावशी सारखं म्हणत होत्या, "मी अंगठा दिलेला नाही ओ, मला कुणी बोलावलंच नाही." फेरफार काढला, नोटीस बजावल्याचा शेरा होता, प्रत्यक्षात मावशी तेव्हा लेकीकडं होत्या. प्रांतांकडं अपील करायला ६० दिवस असतात, इथं बराच काळ गेलेला, मग माहिती कळल्याच्या तारखेपासून धरून विलंब माफीच्या अर्जासकट अपील केलं. कळल्याची तारीख कशी दाखवली, तर नातवानं ज्या दिवशी १५ रुपये भरून उतारा काढला त्याची पावती. अशा डिजिटल खुणा सांभाळायला सांगा. आणि ज्यांची भाऊबंदकी चालू आहे त्यांना 'आपली चावडी' साईट दाखवून द्या, गावातल्या फेरफाराच्या नोटिसा तिथं दिसतात, हरकत घ्यायला १५ दिवस असतात, महिन्यातून दोनदा बघायची सवय लावा म्हणावं.

तारीख, बोर्ड आणि पक्षकाराचा फोन

सीएनआर नंबर म्हणजे केसचा ओळख नंबर, सोळा अक्षर-आकड्यांचा असतो, वकीलपत्र घेतल्यावर तो पक्षकाराला देऊन टाका आणि ईकोर्टचं ॲप कसं बघायचं ते दहा मिनिटं बसून शिकवा. काही सीनियर म्हणतात असं केलं तर पक्षकार डोक्यावर बसतो. माझा अनुभव उलटा आहे, ज्याला स्वतः तारीख दिसते तो रात्री फोन करत नाही. फक्त ॲपमधले शब्द त्याला समजावून सांगावे लागतात, एका काकांनी 'डिस्पोज्ड' वाचून केस हरलो म्हणून हाय खाल्ली होती, प्रत्यक्षात मधला एक किरकोळ अर्ज निकाली निघाला होता. आणि तुम्ही स्वतः ॲपवर विसंबून राहू नका, बोर्ड (त्या दिवसाच्या केसेसची यादी) बघा, रोजनामा (कोर्टात त्या दिवशी काय झालं त्याची नोंद) वाचा. अपिलाची मुदत मोजताना नक्कल अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख डायरीत लिहा, तेवढे दिवस वजा मिळतात, साईटवरून काढलेल्या प्रतीला ते लागू करता येत नाही.

मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचबद्दल पण पक्षकार जुनंच वाचून येतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून ते सुरू झालंय आणि सोलापूर त्यात आहे, सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरसोबत. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून मुंबईला जायचं, तिकडच्या वकिलांच्या ऑफिसात दिवसभर बसायचं, हे आपल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं केलं. कुणी अजून "हायकोर्ट म्हणजे मुंबई, परवडत नाही" म्हणून अपील सोडून देत असेल तर त्याला हे आवर्जून सांगा, मी दोघांना तरी या एका माहितीवर अपिलाला तयार केलंय.

व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस

यात फरक आहे, नीट वाचा. कोर्टाचं समन्स आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पण येऊ शकतं, सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी सोय आहे, आणि चेकच्या केसेसमध्ये तर सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं नेहमीच्या पद्धतीसोबत इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पण बजावायला सांगितलंय, त्यासाठी फिर्यादीनं आरोपीचा ईमेल, नंबर शपथपत्रासह द्यायचा. पण पोलिसांनी चौकशीला बोलावायची त्याच संहितेच्या कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर चालत नाही, जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते सांगितलंय. म्हणून पक्षकार मेसेज दाखवतो तेव्हा "खोटं असेल, सोडा" म्हणू नका आणि "जा लगेच" पण म्हणू नका, पाठवणारा कोण, कोर्ट की पोलीस, केस नंबर काय, तो ईकोर्टवर सापडतो का, पोलीस ठाण्याच्या लँडलाईनवर विचारून खरं आहे का, एवढं करा मग बोला.

आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी दाखवून कुणीही अटक करू शकत नाही. जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला बाथरूममधून कुजबुजत फोन केला होता, बाहेर खोलीत फोनवर 'अधिकारी' त्यांना कॅमेऱ्यासमोरून हलू देत नव्हते, घरातला जुना फोन खिशात होता म्हणून वाचले. मी म्हटलं सर, कॉल कट करा, मी तुमच्या घरी येते. पंधरा मिनिटांत पोचले, हात थरथरत होते त्यांचे. पैसे गेले नव्हते. गेले असते तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, त्याच तासात, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत गोठवले तरच परत मिळायची आशा असते, वकिलाला नंतर फोन करा. हे तुमच्या प्रत्येक म्हाताऱ्या पक्षकाराला न विचारता सांगून ठेवा.

आपण स्वतः एआयमध्ये काय टाकायचं

मी वापरते. लांबलचक कागदांचा तारीखवार क्रम लावायला, इंग्रजी निकालाचा सारांश करून पक्षकाराशी बोलायला, मसुद्यात काय राहिलंय ते बघायला. पण पक्षकाराचं नाव, आधार, गट नंबर, आजाराचे कागद, बायको-नवऱ्याच्या केसमधले फोटो-चॅट, यातलं काहीही तिथं जात नाही. 'अ', 'ब' आणि 'गाव' असंच लिहायचं, ज्युनियरनी पण. पक्षकारानं वकिलाला सांगितलेली गोष्ट साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नं संरक्षित आहे, आपल्याला ती बाहेर सांगता येत नाही, ते कलम तुमच्या-माझ्यासारख्या वकिलासाठी आहे, एखाद्या ॲपसाठी नाही. पक्षकारांना पण हे सांगा, कारण ते रात्री दोन वाजता एआयला सगळं मनातलं टाईप करतात, "मी रागात त्याला ढकललं होतं, आता काय होईल" असं सुद्धा, आणि फोन उद्या जप्त झाला तर ते तिथंच असतं. कुणाला दोष देत नाही मी, माणूस घाबरलेला असतो, एवढ्या रात्री बोलायला कुणी नसतं. म्हणून फौजदारी मॅटर असेल तर मी नंबर देऊन ठेवते, म्हणते मलाच फोन करा.

ज्यांना फी परवडत नाही त्यांना मोबाईलच्या भरवशावर सोडू नका. विडी कामगार बायका इथं हजारोंनी आहेत, त्यांच्यातल्या कितीजणींना माहीतच नाही की बाईला मोफत विधी सेवा मिळायला उत्पन्नाची अटच नाही, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्येच तसं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा, १५१०० हा हेल्पलाईन नंबर कागदावर लिहून द्या, गावात सीएससी (सरकारी ऑनलाईन सेवांचं) सेंटर असेल तर टेली-लॉ या सरकारी योजनेतून वकिलाशी बोलता येतं. नुसतं सांगू नका, लिहून द्या, मोबाईल घरातल्या पुरुषाकडं असतो.

रील्सबद्दल थोडक्यात. कायद्याची माहिती द्यायला कुणाची ना नाही, पण बार कौन्सिलचा नियम ३६ अजून आहे, वकिलानं जाहिरात करायची नाही, कामं मागायची नाहीत, आणि २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या निकालानंतर बार कौन्सिलनं ऑनलाईन पोर्टलवरून कामं मिळवण्यावर पण हरकत घेतली. "केस असेल तर डीएम करा" असं खाली लिहू नका, एवढंच.

शेवटची पद्धत सांगते, ही मी अण्णांच्या केसनंतर चालू केली. सल्ला दिला की त्याच दिवशी एक पान मराठीत टाईप करून पक्षकाराला पाठवायचं. तुम्ही मला काय सांगितलं, कोणते कागद दाखवले, मी काय सांगितलं, कोणती तारीख शेवटची, तुम्ही काय आणायचं. वर आजची तारीख, खाली माझी सही. व्हॉट्सॲपवर फोटो आणि हातात कागद, दोन्ही. पक्षकार ते पान घेऊन परत एआयला विचारणार हे गृहीत धरा, विचारू दे, शंका घेऊन आला तर परत बसवा आणि कलम उघडून दाखवा. मोहोळच्या मावशींना वाचता येत नाही, त्यांच्या पानाचा मी व्हॉइस मेसेज करून पाठवते, नातू सांगतो की प्रांत ऑफिसला निघताना त्या तो एसटीत परत परत ऐकतात.